मोर्चातला चेहरा जपताना: वंशभेदविरोधी शांततामय निदर्शनांचे छायाचित्रण

मार्च महिन्यात दोन दिवस पाठोपाठ येतात. २० मार्च हा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस आहे. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. दुसरा दिवस, २१ मार्च, दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलचा आहे. कृष्णवर्णीयांना सतत ओळखीची पासपुस्तिका जवळ बाळगायला लावणाऱ्या पासच्या कायद्याविरुद्ध १९६० साली तेथील पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला, ६९ माणसे मारली गेली, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांनी तोच दिवस वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून घोषित केला. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले होते. त्यामुळे ठाण्यात किंवा नवी मुंबईत कॅमेरा घेऊन अशा मोर्चाला जाणाऱ्या माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

काही वर्षांपूर्वी वाशीत ईशान्य भारतातून कामासाठी आलेल्या तरुणांनी काढलेल्या एका छोट्या मेणबत्ती मोर्चाचे फोटो मी काढले होते. चेहऱ्यामोहऱ्यावरून रोज ऐकाव्या लागणाऱ्या हाकांविरुद्ध ती मुले उभी होती. एका मुलीचा, ज्योतीच्या उजेडातला, अगदी जवळून काढलेला फोटो मी त्याच रात्री समाजमाध्यमावर टाकला. चार दिवसांनी तिचा निरोप आला. ती जिथे नोकरी करत होती तिथे तो फोटो पोहोचला होता, तिला बोलावून जाब विचारला गेला होता, आणि फोटो काढून टाकण्याची विनंती तिने अतिशय नम्र शब्दांत केली होती. मी तो लगेच काढला, पण तोवर तो पुष्कळ हातांतून पुढे गेला होता. दोष पूर्णपणे माझा होता. त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली, आणि हा लेख त्या बदललेल्या पद्धतीविषयी आहे. अन्याय लोकांना दिसावा म्हणून फोटो काढायचा असतो. त्या अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाला फोटोपायी आणखी एक अन्याय सोसावा लागू नये, हे त्या पद्धतीचे मूळ आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

मोर्चा कशासाठी आहे, मागण्या कोणत्या आहेत आणि तो कोणी काढला आहे, हे आदल्या दिवशीच आयोजकांना भेटून किंवा फोन करून विचारावे. ज्या समाजाची माणसे असतील त्यांची नावे कशी उच्चारायची आणि कशी लिहायची हे तेव्हाच टिपून घ्यावे, कारण चुकीचे लिहिलेले नाव हासुद्धा या लोकांना रोज सोसावा लागणारा अपमानच असतो. मूक मोर्चा आहे की घोषणा होणार आहेत, निवेदन कोणाला दिले जाणार आहे, शेवट कोठे आहे आणि स्वयंसेवकांची ओळख कशी पटणार आहे, हेही समजून घ्यावे.

कायद्याची माहिती हवी. राज्यघटनेच्या कलम १९ ने नागरिकांना शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे, आणि कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. मात्र ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही पोलीस आयुक्तालये आहेत, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तेथे वेळोवेळी जमावबंदीचे आदेश निघतात. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जमावबंदीच्या पूर्वीच्या कलम १४४ ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. म्हणून आयोजकांकडे परवानगी आहे का, हे आधी विचारावे. तो प्रश्न अविश्वासाचा नसतो. परवानगी असेल तर आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभे राहू शकतो हे आपोआप ठरते. ड्रोनचा विचार मी तरी पूर्णपणे सोडला आहे. त्यासाठीच्या परवानग्या वेगळ्या असतात, आणि डोक्यावर घोंगावणाऱ्या यंत्राने खालच्या माणसांना आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे वाटते, हे त्याहून मोठे कारण आहे.

ज्यांची मुले शिक्षणासाठी परदेशी आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की हे नियम देशागणिक बदलतात. उदाहरणार्थ, जर्मनीत सभेचे किंवा मोर्चाचे एकंदर दृश्य प्रसिद्ध करण्यास मोकळीक आहे, पण गर्दीतून एकाच माणसाला वेगळे काढून त्याचे व्यक्तिचित्र छापायचे असेल तर साधारणपणे त्याची संमती लागते. परक्या देशात विद्यार्थी म्हणून राहणाऱ्याने कॅमेरा बाहेर काढण्याआधी आपल्या व्हिसाच्या अटी वाचलेल्या असाव्यात.

शक्य असल्यास आदल्या दिवशी त्याच वेळी मार्गावरून चालून यावे. ठाण्यात मोर्चे बहुधा कोर्ट नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दिशेने जातात, आणि नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनाकडे. वाशीतला शिवाजी चौक ही एकत्र जमण्याची ओळखीची जागा आहे. ऊन कोणत्या बाजूने येते, सावली कोठे पडते, उंचावरून गर्दीचा अंदाज देणारा पादचारी पूल कोठे आहे आणि घाईत बाहेर पडायचे झाल्यास कोणती गल्ली मोकळी आहे, हे त्या फेरीत कळते.

पिशवीत काय असावे

एक कॅमेरा आणि एक लेन्स पुरेशी आहे. २४ ते ७० मिलिमीटरची झूम किंवा ३५ मिलिमीटरची साधी लेन्स मी सुचवेन. चांगला मोबाइलही चालतो. लांबच्या लेन्सने दुरून चेहरे टिपण्याची सवय मी सोडली आहे, कारण ज्याचा फोटो काढला जातो त्याला ते कळतच नाही आणि नकार देण्याची संधी त्याला मिळत नाही. दोन रिकामी कार्डे, एक जास्तीची बॅटरी, पाणी, टोपी, वही आणि पेन्सिल घ्यावी. मोबाइलवरचे चेहरा किंवा बोट दाखवून उघडणारे कुलूप त्या दिवसापुरते बंद करून सहा आकडी संकेतांक ठेवावा, आणि कॅमेऱ्यातील ठिकाण नोंदवणारी सोय बंद करावी. फोन किंवा फोटो दुसऱ्याच्या हाती पडला तर त्यातल्या माणसांना धोका होऊ नये, हे त्याचे कारण.

त्वचेचा रंग आणि एक्स्पोजर

या विषयात सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट हीच आहे, कारण वंशभेद फक्त रस्त्यावर नव्हता, तो फिल्मच्या रसायनातही होता. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुना छायाचित्र पाठवत असे. ते ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखले जाई, आणि त्यावर अनेक वर्षे फक्त गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. त्यामुळे सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे फिल्मवर बुजून जात, आणि गोरी व काळी मुले एकाच वर्गाच्या फोटोत आली की काळ्या मुलांचे केवळ डोळे आणि दात दिसत. गडद तपकिरी छटा सुधाराव्यात असा आग्रह प्रथम जोरात धरला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या जाहिरातदारांनी. याच इतिहासाची दुसरी बाजूही माहीत असावी. पोलरॉइड कंपनीची ओळखपत्राचे फोटो काढणारी यंत्रणा दक्षिण आफ्रिकेत पासपुस्तिकांसाठी वापरली जाते, हे कळल्यावर १९७० साली कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या तिच्याच दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी कंपनीविरुद्ध चळवळ उभारली, आणि १९७७ साली कंपनीला त्या देशातून बाहेर पडावे लागले.

आजचा डिजिटल कॅमेरा फिल्मपेक्षा पुष्कळ समजूतदार आहे, तरी त्यातले उजेड मोजणारे मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरते. मोर्चात पांढरे फलक, पांढरे कपडे आणि उजळ आकाश असते, त्यामुळे मीटर फसते आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे; एक स्टॉप वाढवणे म्हणजे उजेड दुप्पट करणे. उलट, एका ठिपक्यापुरता उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने थेट गडद चेहऱ्यावर मोजणी केली तर कॅमेरा तो चेहरा मध्यम करडा करण्यासाठी फाजील उजळ करतो आणि त्वचा राखाडी, निर्जीव दिसते. तेव्हा दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे. ज्यांना हा हिशेब गर्दीत जमत नाही त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. माणसांचे वर्ण कितीही वेगळे असले तरी त्यांच्या तळहातांचा उजळपणा बराचसा सारखा असतो. ज्या उजेडात माणसे उभी आहेत त्याच उजेडात आपला तळहात धरून मोजणी करावी, त्यात एक स्टॉप वाढवावा, कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा आणि उजेड बदलेपर्यंत त्या आकड्यांना हात लावू नये.

दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८ आणि शटरला सेकंदाचा चारशेवा भाग हा चांगला आरंभ आहे. चालणारी माणसे स्थिर हवी असतील तर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाखाली जाऊ नये. संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात एफ/२, सेकंदाचा सव्वाशेवा भाग आणि आयएसओ ३२०० ते ६४०० लागतात. फ्लॅश मात्र वापरू नये, कारण त्याने ज्योतीचा उजेड मरतो आणि शोक करणारी माणसे दचकतात. रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे हे आठवून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणावे.

मोबाइल वापरणाऱ्यांनी एक काम विसरू नये. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ फोनमध्ये चेहरा उजळ करणारा ब्यूटी मोड असतो आणि तो अनेकदा आधीपासूनच चालू असतो. रंगावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध रस्त्यावर आलेल्या माणसाचा रंग आपल्या फोनने परस्पर बदलणे हा त्याच्या म्हणण्याचाच अवमान आहे. मोर्चाला निघण्यापूर्वी तो बंद करावा, आणि नंतर फोटो सुधारतानाही त्वचा उजळवण्याच्या मोहात पडू नये.

मोर्चात कोठे आणि कसे उभे राहावे

वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि कॅमेरा पिशवीतच ठेवून आयोजकांना व दोनचार लोकांना आपले नाव आणि येण्याचे कारण सांगावे. बंदोबस्तावरील पोलिसांनाही दिसेल, ओळखता येईल असे वागावे. विश्वास हा या कामाचा पाया आहे आणि तो किती वाईट रीतीने मोडू शकतो याचे उदाहरण इतिहासात आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये संपावर गेलेल्या कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी ‘मी माणूस आहे’ असे लिहिलेले फलक ओळीने हातात धरले, आणि अर्नेस्ट विदर्स यांनी काढलेला त्यांचा फोटो जगभर गेला. विदर्स हे त्याच काळात अमेरिकेच्या तपास संस्थेला, एफबीआयला, चळवळीची माहिती पुरवत होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०१० साली, उघड झाले. फोटो थोर आहे, पण त्या फलकांमागच्या माणसांच्या बाजूने विचार केला की मन विषण्ण होते.

मोर्चा चालू लागल्यावर तीन अंतरांवरून काम करावे. पुलावरून किंवा पायऱ्यांवरून एकंदर दृश्य घ्यावे, त्यात स्थळ ओळखू येणारी एखादी खूण असावी. मग बाजूने, दहापंधरा फुटांवरून, चालणाऱ्यांचे गट घ्यावेत. येथे फलकावरील मजकूर वाचता येतो की नाही हे प्रत्येक वेळी तपासावे, कारण मराठी, इंग्रजी किंवा स्वतःच्या लिपीत लिहिलेला फलक हा त्या माणसाचा आवाज असतो आणि अर्धा कापलेला शब्द कधीकधी उलट अर्थ देतो. शेवटी जवळून तपशील घ्यावेत: एकमेकांत गुंफलेले हात, झिजलेल्या चपला, काखेत निवेदनाची फाइल धरलेली आजी. मोर्चासमोर उलटे चालत फोटो काढायचे असल्यास मागे पाहणारा एक सोबती हवा. रांग तोडू नये, आणि ‘पुन्हा एकदा मूठ वर करा’ असे कोणालाही सांगू नये. सांगून घडवलेला क्षण ही नोंद राहत नाही.

आता काय टिपावे याविषयी. १९६३ साली अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात पोलिसांनी निदर्शकांवर कुत्रे सोडले आणि पाण्याचे जोरदार फवारे मारले. चार्ल्स मूर आणि बिल हडसन यांच्या त्या फोटोंनी अमेरिकेचे जनमत हलले, हे खरे आहे, आणि त्याचे मोल कमी करता येणार नाही. शार्पव्हिलच्या गोळीबाराचे इयन बेरी यांनी काढलेले फोटोही पुढे न्यायालयीन कामकाजात उपयोगी पडले. तरीही अशा फोटोंत कृष्णवर्णीय माणूस मार खाणारा म्हणूनच दिसतो, आणि असेच फोटो सतत पाहिले की पाहणाऱ्याच्या मनात दया उरते, बरोबरी उरत नाही. मेम्फिसच्या फलकांत बरोबरी आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या बॅटन रूज येथे उन्हाळी पोशाखातील आयेशिया एव्हान्स चिलखतधारी पोलिसांसमोर शांत उभी राहिली, त्या जोनाथन बाकमन यांच्या फोटोतही तीच बरोबरी आहे. म्हणून माझा आग्रह असा की हिंसा झालीच तर तिची नोंद अवश्य करावी, पण तिची वाट पाहत बसू नये. गाणे म्हणणारी, एकमेकांना पाणी देणारी, लहान मुलाला फलकाचा अर्थ समजावून सांगणारी माणसे हाच मोर्चाचा मोठा भाग असतो, आणि संध्याकाळी आपल्या कार्डावर त्याच प्रमाणात ती दिसली पाहिजेत.

संमती

सार्वजनिक रस्त्यावरच्या गर्दीचा फोटो काढण्यासाठी प्रत्येकाला विचारणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. ज्या फोटोत एकच चेहरा ठळक आहे, तेथे मात्र विचारावेच. मी फोटो काढल्यावर लगेच जवळ जातो, पडद्यावर तो दाखवतो आणि तीन गोष्टी सांगतो: तो कोठे प्रसिद्ध होईल, नाव लिहिले जाईल की नाही, आणि नंतर मन बदलल्यास मला कोणत्या क्रमांकावर कळवायचे. ‘ताई, हा तुमच्या ऑफिसात कोणी पाहिला तर चालेल का?’ हा प्रश्न वाशीच्या त्या प्रसंगानंतर मी कधी विसरलेलो नाही. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांचा होकार हवा, आणि अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास कायद्यानेच बंदी आहे.

संमतीचा हा आग्रह ज्यांना अतिरेकी वाटतो त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोचा फोटो आठवावा. १६ जून १९७६ रोजी शाळकरी मुलांच्या निदर्शनांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला हातांवर घेऊन धावणारा म्बुयिसा माखुबो आणि शेजारी आकांत करणारी हेक्टरची बहीण आंत्वानेत, हा सॅम न्झिमा यांचा फोटो जगभर छापला गेला आणि वर्णद्वेषी राजवटीचा चेहरा उघडा पडला. त्यानंतर न्झिमा यांच्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागला आणि त्यांना ते काम सोडून गावी जावे लागले. माखुबोला देश सोडावा लागला आणि तो घरी परतलाच नाही. तो फोटो काढायला नको होता असे मी म्हणणार नाही. पण फोटोत दिसणाऱ्याला त्याची किती जबर किंमत पडू शकते, हे शटर दाबणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे.

वातावरण तापले तर

धक्काबुक्की सुरू झाल्यास प्रथम कडेला, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. पोलीस आणि निदर्शक यांच्या मधोमध कधीही येऊ नये. फोटो पुसण्यास सांगितले गेल्यास वाद न वाढवता वरिष्ठ अधिकाऱ्याशी बोलण्याची विनंती करावी. शेजारी कोणी जखमी झाले असेल तर आधी हात द्यावा, मग कॅमेरा.

घरी आल्यावर

त्याच रात्री कार्डावरील सर्व फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावेत, पण काहीही प्रसिद्ध करू नये. एक झोप मध्ये जाऊ द्यावी. घाईत निवडलेला फोटो बहुधा सर्वांत आरडाओरड्याचा असतो. निवडीत वीसपेक्षा जास्त फोटो ठेवू नयेत. उजेड, छाया आणि कडांची कातर (क्रॉप) यांपलीकडे बदल करू नये. नको असलेला खांब किंवा माणूस पुसून टाकणे वृत्तछायाचित्रणात वर्ज्य आहे.

ज्यांनी नकार दिला, किंवा ज्यांना विचारता आले नाही आणि ज्यांना धोका संभवतो, त्यांचे चेहरे झाकावेत. पुसट केलेला चेहरा कधीकधी संगणकाच्या मदतीने पुन्हा ओळखता येतो, त्यामुळे मी सरळ गडद रंगाचा पट्टा टाकतो, आणि त्यापेक्षाही पाठमोरा किंवा हातांचा फोटो निवडतो. यंत्राने चेहरा ओळखण्याच्या पद्धतीत जो पक्षपात आहे तो येथे लक्षात घ्यावा. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ साली केलेल्या तपासणीत, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या प्रणाली सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत चुकत होत्या, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक ०.८ टक्क्यांपलीकडे गेली नव्हती. म्हणजे ज्यांच्यावर आधीच संशय घेतला जातो त्यांचीच ओळख चुकण्याची भीती अधिक. फोटोच्या फाइलमध्ये दडलेली ठिकाणाची आणि यंत्राची माहितीही प्रसिद्धीपूर्वी काढून टाकावी. मूळ प्रतीत मात्र यंत्राची माहिती जपून ठेवावी.

खाली माहितीची ओळ लिहिल्याशिवाय फोटो पुरा होत नाही. तीत तारीख, ठिकाण, मोर्चाची मागणी आणि संमती असल्यास नाव एवढे असावे. ‘संतप्त जमाव’ असे लिहिण्याआधी तो खरोखर संतप्त होता का, की केवळ मोठ्याने गात होता, हे स्वतःला विचारावे. ‘नेपाळी’, ‘चिनी’, ‘हबशी’ अशी अंदाजाने चिकटवलेली ओळख चुकूनही येऊ नये. माणूस स्वतःला मणिपुरी, मिझो किंवा नायजेरियन म्हणतो का, हे वहीत आधीच लिहून घेतलेले असते.

निवडलेल्या फोटोंच्या चार बाय सहा इंचांच्या प्रती काढून आयोजकांना नेऊन द्याव्यात. ठाणे स्थानकाजवळच्या स्टुडिओत त्या मिळतात. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने तारीख आणि ठिकाण लिहावे, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. वाशीच्या त्या मुलीला मी नंतर सगळे फोटो पाठवले आणि तिला कोणता चालेल ते विचारले. तिने निवडलेल्या फोटोत तिचा चेहरा नाही. तिची ओंजळ आहे, ओंजळीत मेणबत्ती आहे, आणि वितळलेले मेण तिच्या अंगठ्यावर ओघळले आहे. तिच्या संमतीने मी आता तोच फोटो वापरतो.